लाल फडक्यातला डबा

१

पिशवीत सगळं होतं. पासपोर्ट होता, औषधं होती, सोन्याची साखळी होती, कापूर, उदबत्त्या आणि घडी न मोडलेलं धोतर होतं. फक्त पुतळाबाईंचा नवरा नव्हता.

रामकुंडाच्या पायरीवर बसून त्या एकेक वस्तू बाहेर काढत होत्या, पदरात ठेवत होत्या, पुन्हा पिशवीत घालत होत्या आणि पुन्हा काढत होत्या. ऐंशीच्या घरातली बाई. पण आवाज अजून शाबूत होता.

"इथेच होते ते. बिस्किटांच्या डब्यात. वर लाल फडके बांधले होते. गाठ मी स्वतः मारली होती."

त्यांचं मराठी असं पुस्तकातलं होतं, कारण ते पुस्तकातूनच शिकलेलं. पुतळाबाई मॉरिशसच्या. त्यांच्या यजमानांचे पणजोबा कधीकाळी नाशिककडून ऊस तोडायला त्या बेटावर गेले ते परत आलेच नाहीत. यजमान गेल्या वर्षी वारले. जाताना एकच मागून गेले, की मला गोदावरीत सोडा. म्हणून ही बाई मुलाला घेऊन जहाजात बसली आणि नवऱ्याच्या अस्थी डब्यात घालून समुद्र ओलांडून आली. आणि गोदावरी चार पायऱ्यांवर आली असताना डबा गायब!

मी बुद्धभूषण. नाशिक दाखवणं हा माझा धंदा. लेण्यांमध्ये मला जेवढं बोलता येतं तेवढं रामकुंडावर येत नाही, आमचा पंथ वेगळा. पण त्या बाईंच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते काही पंथ विचारून आलेलं नव्हतं.

त्या दिवसाचं गणित आधी सांगतो, म्हणजे आमची तडफड कळेल. जहाज सकाळी मुंबईला लागलं होतं आणि रात्री आठला त्याचा जिना वर उचलला जाणार होता. मधल्या वेळात चाळीस माणसांना बसमध्ये घालून नाशिकला आणायचं, लेणी, द्राक्षमळ्यातलं जेवण आणि रामकुंड दाखवायचं आणि परत न्यायचं. याला सहल म्हणत नाहीत, याला पाठशिवणीचा खेळ म्हणतात. अडीचला बस नाशिकमधून हललीच पाहिजे होती. त्यात सिंहस्थाच्या तयारीसाठी अर्धं शहर खणून ठेवलेलं. रामकुंडावर पोचायलाच दीड वाजून गेला.

ही सहल योगिनीची. चांदवडची पोरगी, नाशिकला येऊन स्वतःची कंपनी काढली, आणि जहाजवाल्यांचं हे पहिलंच काम मिळवलं. गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ आणि जिभेवर "चला, चला!" माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण तिच्या शिट्टीला मीही टरकून असतो.

ती पुतळाबाईंच्या शेजारी पायरीवर बसली. "आजी, घाबरू नका. शोधू आपण."

"शोधा. पण एक ऐकून ठेवा," पुतळाबाई म्हणाल्या. "त्यांना घेतल्याशिवाय मी त्या जहाजावर पाय ठेवणार नाही. जहाज जाऊ दे. पुन्हा इथे येणे माझ्याच्याने होणार नाही. मी इथेच बसेन."

आणि त्या खरंच पाय दुमडून बसल्या.

२

पोलिसांत जायचं तर जबाब लिहिता लिहिता जहाज मॉरिशसला पोचलं असतं. योगिनीनं बाकीच्या प्रवाशांना माझ्या ओळखीच्या एका गाइडबरोबर काळारामाच्या देवळाकडे पिटाळलं आणि मला बाजूला घेतलं.

"भूषणदादा, सोनं आहे, पासपोर्ट आहे. मग चोरानं नेलं काय? बिस्किटांचा डबा!"

"बिस्किटं असतील असं वाटलं असेल."

"सोन्याची साखळी सोडून बिस्किटं? असा चोर मला दाखवा, मी त्याला नोकरी देते." ती थांबली. "नाही. ज्यानं नेलं, त्याला आत काय आहे ते माहीत होतं. त्याला तेच हवं होतं. आता सांगा, आत काय आहे हे कोणाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगितलं. खरं तर मी महामूर्ख ठरलो होतो. आजी ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्याच सीटवर होत्या आणि मी माईक घेऊन त्यांच्या पुढ्यात. सकाळपासून त्या हळूच काहीतरी बोलत होत्या. "अहो, खाडी आली." "अहो, घाट लागला, सांभाळून." मला वाटलं, नवऱ्याशी फोनवर बोलतायत. मनात म्हटलंसुद्धा, या वयातही काय हे प्रेम! त्या नवऱ्याशीच बोलत होत्या, पण मांडीवरच्या डब्याशी. फोन तर त्यांच्याकडे नव्हताच.

"म्हणजे ते बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ कोण होतं?" योगिनी बोटांवर मोजू लागली. "त्यांचा मुलगा रविराज. ड्रायव्हर सहादूभाऊ. पाणी वाटत फिरणारी कुसाबाई. आणि तुम्ही."

"मी? मी अस्थी घेऊन काय करू, लोणचं घालू?"

"नियम म्हणजे नियम, दादा."

मग डबा केव्हा गेला, ते बघायचं होतं. आजींनी घाट चढल्यावर डबा मांडीवरून पिशवीत ठेवला होता आणि वरून हात फिरवला होता. नंतर पिशवी उघडली ती थेट रामकुंडावर. लेण्यांच्या पायऱ्या त्यांना चढवणार नव्हत्या म्हणून त्या बसमध्येच पिशवीजवळ बसून राहिल्या. जेवणाच्या वेळी पिशवी मुलाच्या खांद्यावर होती. पिशवी एकटी राहिली ती फक्त घोटीला, नाश्त्याच्या थांब्यावर.

घोटीचं मला चांगलं आठवत होतं. हायवेच्या कडेचं हॉटेल, जानेवारीची थंडी, कपबशा धरून सगळे हात शेकत उभे. "सामान गाडीतच राहू द्या, फक्त वीस मिनिटं!" असं योगिनीनंच ओरडून सांगितलेलं. सगळे मिसळीवर तुटून पडले. निघताना दुसरी एक बस आवारात घुसली, तेव्हा योगिनीनं आमची बस पुढच्या दाराशी आणवली आणि शिट्टीवर शिट्टी मारत सगळ्यांना आत कोंबलं. सहादू नुकतंच डोक्यावरून पाणी घेऊन, केस निथळत, कुडकुडत स्टिअरिंगवर बसला होता. मी त्याला म्हटलं, "काय रे, घोटीचा कुंभमेळा आधीच भरला का?" तो हसला नाही. एरवी हा माणूस माझ्या टुकार विनोदालाही हसतो.

"घोटीला मिसळ खायला कोण नव्हतं?" योगिनीनं विचारलं.

मला एकच माणूस आठवला आणि तो आठवून बरं वाटलं नाही. "रविराज," मी म्हणालो. "तो हॉटेलच्या मागं गेला होता. पाच-दहा मिनिटांनी आला तेव्हा डोळे लाल होते."

३

रविराज औषधांच्या दुकानाचा मालक, पन्नाशीचा, पोट सुटलेला, सभ्य गृहस्थ. त्याचं मराठी तोडकंमोडकं. आईपासून दूर उभा राहून तो कुंडातल्या पाण्याकडे बघत होता.

"तुम्ही हॉटेलच्या मागे काय करत होता?" योगिनीनं आडवळण न घेता विचारलं.

"रडत होता," तो म्हणाला. मग दुरुस्त केलं, "रडत होतो. आईसमोर नाही रडत मी."

"का?"

तो पाण्याकडे बघतच बोलला. "मी भांडलो आईशी. जहाजावर. मी बोललो, बाबा समुद्रावर आयुष्यभर काम केला, बोटीवर. समुद्रात सोड. कॅप्टनला विचारलं पण, परमिशन मिळत होती. ही इतकी लांब, इतकी धावाधाव, आई ऐंशीची. मला भीती. आई तीन दिवस बोलली नाही माझ्याशी."

योगिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी योगिनीकडे. कारण तर भक्कम होतं.

"आणि जेवणाच्या वेळी पिशवी तुमच्या खांद्यावर होती. हलकी लागली नाही?"

"लागली," तो पुटपुटला. "मला वाटलं, आईनं काढून दुसरीकडे ठेवले. माझ्यावर भरोसा नाही म्हणून. मी विचारलं नाही. रागात होतो." आणि मग तो एकदम मोठ्यानं म्हणाला, "मी विचारायला पाहिजे होतं! तेव्हा विचारलं असतं तर वेळ होता ना?"

होता. दीड तास तरी होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

योगिनीनं घड्याळ पाहिलं. पावणेदोन होऊन गेले होते. पायरीवर पुतळाबाई तशाच बसून होत्या. एक भटजीबुवा येऊन "विधी करायचा का?" असं विचारून गेले, दुसरे विचारून गेले. बाई दोघांनाही मान हलवून म्हणाल्या, "ते अजून आलेले नाहीत."

"हा नाही," योगिनी मला हळूच म्हणाली.

"कशावरून? माणूस बापाला चोरून समुद्रात टाकू शकतो."

"टाकायचं असतं तर जहाजावर टाकलं असतं. घोटीला कुठला समुद्र?"

हातच्या काकणाला आरसा कशाला!

४

कुसाबाई पेठकडची. बसमध्ये पाणी वाटणं, म्हाताऱ्यांना हात देणं, कोणाला मळमळलं तर लिंबू देणं ही तिची कामं. ती बसच्या पायरीवर बसली होती आणि आम्ही विचारायच्या आधीच रडत होती.

"माझ्यावरच येयाचं ना शेवटी? गाडी मीच झाडते. पण घोटीला मी गाडीत गेलीच नाय, बाई. नेहमी मी झाडते, सगळे खायला गेले का. आज सहादूभाऊ बोलला, तू जा, चा पी, आज गाडी मी बघतो."

"असं पूर्वी कधी बोलला होता?"

"कधीच नाय. त्याला खराटा कुठून धरायचा ते पन ठाव नाय." नाक पुसता पुसता तिला काही आठवलं. "आनि त्याची मिसळ तशीच राहिली. मी विचारलं, खात नाय का? तर बोलला, आता नको, आंघोळ झाल्याबिगर नको."

योगिनी उठून उभी राहिली. "आंघोळ झाल्याशिवाय नको, असं म्हणाला?"

"हां. म्या म्हटलं, एवढ्या थंडीत? तर गेला नळावर."

मी सहादूला शोधायला बसच्या पलीकडच्या बाजूला गेलो. तो टायरला टेकून, आमच्याकडे पाठ करून, फोनवर बोलत होता. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तो अक्षरशः गयावया करत होता.

"हात लाव रे बाबा... काय होत नाय, मी सांगतो ना... मोटरसायकलवर टाक अन् घेऊन ये, पाया पडतो तुझ्या... अरे तिकडं कोणी बघायच्या आत..."

मग पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. सहादूनं फोन खाली केला आणि कपाळ टायरवर आपटलं. एकदा, दोनदा.

अस्थींचे कोणी काय काय प्रकार करतात याच्या ऐकीव गोष्टी एकदम डोक्यात गर्दी करू लागल्या. अमावास्या कधी आहे, हेही मी मनात मोजून पाहिलं. धावत जाऊन योगिनीला सांगितलं, "सापडला! हाच. कोणाला तरी विकलंय त्यानं. आणवतोय मोटरसायकलवरून."

योगिनीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, चोरानं आंघोळ का केली?"

५

तिनं सहादूला पुतळाबाईंसमोर आणलं नाही. बसच्या आडोशालाच उभं केलं. मी, कुसाबाई आणि रविराज बाजूला.

सहादू घोटीचाच. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. जहाजवाल्यांच्या कामावर त्याची ही पहिलीच फेरी.

"सहादूभाऊ," योगिनी म्हणाली, "मी बोलते, चुकलं तर सांगा. तुमच्या कानाच्या मागेच आजी डब्याशी बोलत होत्या. तुम्हाला घाटातच कळलं, डब्यात काय आहे. भूषणदादांना कळलं नाही, कारण ते स्वतःचंच भाषण ऐकत होते."

हे अगदीच अनावश्यक होतं, पण असो.

"घोटीला तुम्ही कुसाबाईंना बाहेर काढलं आणि डबा घेतला. साखळीकडे ढुंकून पाहिलं नाही. डबा घेतल्यावर तुम्ही जेवला नाहीत, आधी डोक्यावरून पाणी घेतलं. जानेवारीत. असं माणूस तेव्हाच करतो, परक्याच्या अस्थींना हात लागला की. चोराला विटाळ कसला? जो विटाळ पाळतो, तो अस्थींचा मानही पाळतो. आमच्या चांदवडकडे अस्थी छपराखाली नेत नाहीत, भुईवर ठेवत नाहीत. नदीवर जाईपर्यंत बाहेर झाडाला टांगतात. तुमच्याकडे पण तसंच ना?"

सहादूनं डोळे मिटून घेतले.

"तुम्ही चोरला नाहीत," योगिनी म्हणाली. "टांगलात. घोटीच्या हॉटेलच्या आवारातल्या झाडाला."

सहादूनं हात जोडले.

"मॅडम, आजीनं पिशवी पायाशी ठिवली व्हती. चपलांच्या शेजारी. माणूस हाय त्यो! अन् आपन त्याला गाडीत कोंडून मिसळ खायची? मला नाय बघवलं. म्हटलं, त्यांचं खाणं होईस्तोवर झाडाला टांगतो, निघताना परत पिशवीत ठिवतो. कोणाला सांगायची पन गरज नाय. मागच्या बाजूला चिंच हाय, तिला बांधला. मग आंघोळ केली. अन् तेवढ्यात..."

तो थांबला.

"तेवढ्यात काय?" रविराजनं विचारलं.

"शिट्टी वाजली," सहादू म्हणाला. "मॅडम वरडल्या, गाडी पुढं घ्या, पुढं घ्या, उशीर झाला. म्या पळालो. पुढं घेतली. सगळे चढले, मॅडम म्हनल्या, चला. वाडीवऱ्ह्याच्या पुढं आलो तवा आठवलं. मागं फिरवू कसं? चाळीस मानसं. जहाजाची पहिलीच फेरी माझी. तवापासून फोन लावतोय हॉटेलवाल्याला."

योगिनीचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि तिथंच राहिला. इतका वेळ ती जे शोधत होती, त्यात तिचाही हात निघाला होता. ते लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही. "माझ्यामुळं," एवढंच म्हणाली.

मग तिनं फोन मागून घेतला आणि हॉटेलवाल्या नवनाथला लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"हाय ना मॅडम, लटकलेलाच हाय," नवनाथचा आवाज आला. "सकाळधरनं त्या बाजूला कोणी गाडी पन लावीना. जाईल कुठं? पन घेऊन यायला सांगू नका. दुसऱ्याच्या अस्थीला आमच्यातलं कोणी हात नाय लावनार. ज्याचं मानूस त्यानंच उतरवायचं."

डबा सापडला होता. रविराजनं माझा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात काळारामाकडून पहिले प्रवासी परत येताना दिसले, आणि मला कळलं की आम्ही जिंकलेलो नाही.

सव्वादोन झाले होते.

६

घोटीला जाऊन परत रामकुंडावर यायला, त्या खणलेल्या रस्त्यांतून, दोन तास तरी हवेत. मग मुंबई गाठता येत नाही. आणि घोटीला डबा घेऊन तसंच मुंबईला गेलं, तर अस्थी आल्या तशा परत मॉरिशसला.

योगिनीनं पुतळाबाईंच्या समोर बसून सगळं सांगितलं. सहादूचं सांगितलं, स्वतःच्या शिट्टीचंही सांगितलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मुला, तू जहाजावर जा," त्या रविराजला म्हणाल्या. "मी त्यांना आणते, इथे सोडते, मग बघू."

"आई, तुझी औषधं, व्हिसा, सगळा..."

"मग बघू म्हणाले ना मी!" त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "पंचावन्न वर्षे मी त्यांच्याजवळ काही मागितले नाही. त्यांनीही माझ्याजवळ काही मागितले नाही. एकच मागितले. गोदावरी! आणि ती ही इथे वाहते आहे, आणि मी रिकाम्या हाताने उठू?"

रविराज आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडू लागला. या वेळी तिच्यासमोर. योगिनी हताश होऊन माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षं मी लोकांना नाशिक समजावून सांगतोय, आणि या एका बाईला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही?

आणि मग मला माझा धंदा आठवला.

"आजी," मी म्हणालो, "गोदावरी एकटी नाही. तिला पाणी देणाऱ्या नद्या आहेत. घोटीच्या पलीकडं दारणा वाहते. इगतपुरीच्या डोंगरात उगम पावते, घोटीजवळून जाते आणि खाली सायखेड्याकडं गोदावरीला मिळते. घोटीला सोडलेलं गोदावरीतच येतं, आजी. फक्त थोडं चालून येतं."

पुतळाबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "माझे समाधान व्हावे म्हणून बोलता आहात?"

"मी बौद्ध माणूस, आजी. मला रामकुंडाचं पुण्य सांगता येणार नाही. नदीचं मात्र खोटं सांगणार नाही."

त्यांनी हात पुढे केला. "उठवा मला."

योगिनीनं बसमध्ये माईक हातात घेतला. मुंबईच्या गर्दीसाठी तिनं तासभर वेळ राखून ठेवला होता. तोच तास ती दारणेवर खर्च करणार होती, आणि वाटेत काही झालं तर जहाज चुकणार होतं. हे तिनं चाळीस जणांना स्पष्ट सांगितलं आणि विचारलं. मागून एक गोरे गृहस्थ कुरकुरले. त्यांच्या बायकोनं त्यांना असं काही खडसावलं, की पुढं कोणी तोंड उघडलं नाही.

सहादूनं बस अशी चालवली की मी एकही विनोद केला नाही.

चिंच हॉटेलच्या मागच्या बाजूला होती. खालच्या फांदीला लाल फडकं बांधलेलं, सकाळसारखंच. नवनाथ लांब उभा राहून हात जोडत होता. रविराज पुढं गेला, चवड्यांवर उभा राहिला आणि बापाला उतरवून घेतलं. डबा छातीशी धरून तो तसाच उभा राहिला. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तीन दिवसांचं भांडण तिथंच मिटलं, असं मला वाटतं.

दारणेच्या काठाला पायऱ्या नव्हत्या. दगड होते, गवत होतं, पलीकडं भाताची रिकामी खाचरं. आम्ही आजींना दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं. मागं पाहिलं तर अर्धी बस उतरून आली होती आणि त्या लोकांनी, कोणी न सांगता, बूट काढून हातात घेतले होते. योगिनीनं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलेलं मी पाहिलं. जहाज पुढं मिळालं, जिना उचलायच्या बेतात असताना. पण त्या वेळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आठवणही नव्हती.

सहादू वर, बसजवळच थांबला होता. पुतळाबाईंनी त्याला हाक मारली. तो चार पावलं लांब येऊन उभा राहिला, मान खाली.

"आजी, चुकलं माझं. न इचारता हात लावला."

"जहाजात मी त्यांना कपाटात ठेवले होते," पुतळाबाई म्हणाल्या. "माझ्या चपलांच्या वर. पंधरा दिवस. दुसरी जागाच नव्हती. आणि सकाळी पायाशी ठेवले. त्यांना त्यांच्या रीतीने कोणी वागवले असेल, तर ते तुम्हीच. या इकडे. मला पाण्यात उभे राहता येत नाही, रविराजला काही येत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर उभे राहा."

सहादूनं चपला काढल्या, पँट दुमडली आणि पाण्यात उतरला. रविराजनं डबा उघडला. पाणी थंड होतं, दोघेही थरथरत होते. सहादूनं ओंजळीत पाणी घेतलं आणि थांबला.

"आजोबांचं नाव काय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. दुपारभर आम्ही डबा शोधला, फडकं शोधलं, चोर शोधला. नाव कोणीच विचारलं नव्हतं.

"सावळीराम," पुतळाबाई म्हणाल्या. "सावळीराम बहिरू."

"अन् गाव?"

पणजोबांबरोबर गेलेलं ते गाव कुठंतरी समुद्रात पडलं होतं, तिथल्या कोणालाच आठवत नव्हतं. "नाशिककडचे, एवढेच ठाऊक," त्या अगदी हळू म्हणाल्या. "गाव नाही आम्हाला."

सहादूनं ओंजळ तशीच धरून मागं वळून पाहिलं.

"मग घोटी म्हना, आजी," तो म्हणाला. "माझं गाव हाय. एक मानूस आनखी झाला म्हनून काय बिघडत नाय."

पुतळाबाई रडू लागल्या, आणि रडता रडताच त्यांनी मान डोलावली.

"सावळीराम बहिरू, राहणार घोटी," सहादू मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं पाणी सोडलं.